जेवणानंतरची जांभई आणि पहाटेची जांभई : एका पाळीव बॉल पायथनचे प्रकरण

9 डिसेंबर 2024 रोजी सकाळी माझ्या फोनवर अकरा सेकंदांची एक चित्रफीत आली. तीत तपकिरी-काळ्या नक्षीची एक जाडसर सापमादी काचेच्या पेटीत वेटोळे घालून पडलेली दिसत होती. सातव्या सेकंदाला तिने मान किंचित वर केली, जबडा काटकोनाहून अधिक उघडला, खालच्या जबड्याची आधी उजवी आणि मग डावी बाजू पुढे सरकवली आणि तोंड मिटले. खाली पाठवणाऱ्याचा प्रश्न होता : "सर, जेवून सहा दिवस झाले तरी जांभया देऊन राहिली. नॉर्मल हाय ना?" मी ती चित्रफीत दोनदा पाहिली, पाहता पाहता स्वतःच एक जांभई दिली, "नॉर्मल आहे, काळजी नको" असे उत्तर पाठवले आणि समोरच्या अडलेल्या गाईकडे वळलो. ते उत्तर चुकीचे होते. ते का चुकले आणि बरोबर उत्तरापर्यंत पोहोचायला दहा दिवस का लागले, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात पशुवैद्यक म्हणून काम करतो. माझा दिवस गाई, बैल, शेळ्या आणि अधूनमधून एखादा कुत्रा यांच्यात जातो. सापांशी माझा संबंध आला तो सर्पमित्रांमुळे. विहिरीवरच्या जाळीत अडकलेली धामण, नांगराच्या फाळाने जखमी झालेला नाग, असे रुग्ण वनविभागाला कळवून ते माझ्याकडे आणतात आणि जखम भरली की ते साप पुन्हा रानात सोडले जातात. पाळलेला साप मात्र या प्रकरणाआधी मी एकदाही तपासला नव्हता. आपल्याकडचा कोणताही साप घरात पाळणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे असा रुग्ण दारात येण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नाही.

ही मादी बॉल पायथन, म्हणजे अजगर कुळातली एक साप होती. ही जात पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली असून घाना, टोगो, बेनिन हे तिचे मुख्य प्रदेश आहेत. घाबरली की डोके मधोमध लपवून ती अंगाचा चेंडू करते, त्यावरून तिला हे नाव पडले. पूर्ण वाढलेला साप साधारण तीन ते पाच फुटांचा होतो, तो बिनविषारी आणि स्वभावाने भित्रा असतो. तिचा मालक सत्तावीस वर्षांचा असून पुण्यातली नोकरी सोडून 2023 मध्ये गावी परतला होता आणि वडिलांसोबत कपाशी आणि तूर करत होता. पुण्यात घेतलेला हा साप त्याने सोबत आणला. त्याच कायद्याच्या 2022 च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी, आंतरराष्ट्रीय व्यापार-करारात नोंदलेल्या प्राण्यांची नोंदणी बंधनकारक झाली, त्याचे नियम 28 फेब्रुवारी 2024 रोजी निघाले आणि सहा महिन्यांच्या मुदतीत त्याने 'परिवेश 2.0' या संकेतस्थळावर नोंदणी केली होती. तिची प्रत त्याने मला न मागता दाखवली. गावात त्याला आधीच पुष्कळ प्रश्नांना तोंड द्यावे लागले असावे.

जबडा कसा उघडतो

माझे पहिले उत्तर चुकले तरी ते निराधार नव्हते, म्हणून त्यामागचे कारण सांगायला हवे. माणसाच्या खालच्या जबड्याचे दोन्ही भाग हनुवटीशी एकजीव झालेले असतात, तसे सापाचे नसतात. सापाच्या हनुवटीशी ते ताणल्या जाणाऱ्या स्नायुबंधांनी केवळ सैलसर बांधलेले असतात. कवटी आणि खालचा जबडा यांच्यामध्ये क्वाड्रेट नावाचे आणखी एक लांबट, हलते हाड असते, त्यामुळे तोंडाची चौकट उभी आणि आडवी अशी दोन्हीकडे ताणता येते. साप जबडा निखळवतो ही समजूत चुकीची आहे, त्यात निखळण्यासारखे काही नसते. भक्ष्य गिळताना टाळूवरच्या दातेरी हाडांची डावी आणि उजवी रांग आळीपाळीने पुढे सरकते आणि साप आपले डोके भक्ष्यावरून जणू चालवत नेतो. हे काम पंधरा-वीस मिनिटे चालते. ते संपल्यावर ताणलेले सांधे, दात आणि त्वचेच्या घड्या जागेवर बसवण्यासाठी साप एकदा, दोनदा, क्वचित चार-पाच वेळा तोंड पूर्ण उघडतो आणि जबडे इकडेतिकडे सरकवतो. यालाच साप पाळणारे जांभई म्हणतात, आणि बहुसंख्य वेळा ती निरोगीच असते.

जेवणाशी संबंध नसतानाही साप असे तोंड उघडतात. उत्तर अमेरिकेतल्या प्रेअरी रॅटलस्नेकवर 1980 च्या दशकात झालेल्या निरीक्षणांतून असा विचार पुढे आला की तोंड उघडल्याने टाळूतल्या, गंध ओळखणाऱ्या जेकबसन अवयवापर्यंत भोवतालचे गंधकण पोहोचत असावेत. जिभेच्या टोकांनी जे काम साप सतत करतो, त्याचाच हा अधिक सढळ प्रकार समजता येईल. शिवाय झोपेतून हलल्यावर, पेटी बदलल्यावर, कात टाकण्याच्या आसपासही जांभया दिसतात. आपल्याला येते तशी कंटाळ्याची किंवा दुसऱ्याची पाहून लागणारी जांभई मात्र सरपटणाऱ्या प्राण्यांत गृहीत धरता येत नाही. लाल पायांच्या कासवांना परस्परांची जांभई लागते का हे एका कासवाला जांभई द्यायला शिकवून तपासले गेले होते, तशी लागण आढळली नाही आणि त्या अभ्यासाला 2011 चे शरीरक्रियाशास्त्राचे इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचे पारितोषिक, मिळाले. चित्रफीत पाहून जांभई आली ती मला, सापाला नव्हे, आणि कदाचित त्यामुळेच मी तिच्याकडे फार सलगीने पाहिले.

आता दुसरी बाजू पाहू. सापाला श्वासपटल नसते. फासळ्यांच्या स्नायूंनी तो श्वास घेतो आणि सोडतो, पण आपल्यासारखा जोराचा खोकला त्याला काढता येत नाही. बहुतेक सापांचे डावे फुप्फुस नावापुरते उरलेले असते. अजगर कुळात दोन्ही असतात, मात्र उजवे बरेच मोठे असते आणि त्याचा मागचा भाग रक्तवाहिन्या कमी असलेल्या हवेच्या पिशवीसारखा असतो. तिथे कफ साचला तर तो बाहेर यायचा मार्ग एकच, तो म्हणजे लांबलचक श्वासनलिकेतून वर. तो वर आला की जिभेच्या मुळापाशी असलेल्या श्वासद्वाराशी अडतो आणि मग साप तोंड उघडतो, मान वर धरतो, पुन्हा उघडतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही हालचाल अगदी जेवणानंतरच्या जांभईसारखीच दिसते, कारण जबडा तोच असतो आणि तो तसाच उघडतो. म्हणूनच अकरा सेकंदांच्या चित्रफितीवरून दोहोंतला फरक ठरवणे हा मुळातच माझा आगाऊपणा होता.

मराठीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत : जांभई देणे, आ वासणे आणि धाप लागणे. त्या घरात हे तिन्ही वापरले जात होते, हे मला नंतर कळले.

वेचणीच्या वहीतले आकडे

14 डिसेंबरला मादीने उंदीर घेतला नाही. तिच्या मालकाने, त्या मुलाने, कळवले तेव्हाही मी विशेष लक्ष दिले नाही, कारण बॉल पायथन हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे, कधी महिनेही, खात नाही आणि तरी तिचे वजन फारसे उतरत नाही. मात्र त्याआधीच मी एक बरे काम केले होते. जांभया मोजून ठेवायला सांगितले, आणि नुसती संख्या नको, वेळही लिही, असे म्हटले. खरे सांगायचे तर तो रोज फोन करत होता आणि त्याला काही काम द्यावे एवढाच माझा हेतू होता.

17 तारखेच्या रात्री त्याने वहीच्या पानांची छायाचित्रे पाठवली. ती कापूस वेचणीची वही होती. डाव्या पानावर वेचायला येणाऱ्या बायांनी दिवसात वेचलेला किलोगणिक कापूस आणि त्याची मजुरी, उजव्या पानावर सापाच्या जांभया. 10 ते 17 डिसेंबरचे आकडे असे होते : 3, 4, 4, 6, 5, 7, 8, 9. त्याने दिवसभर पेटीपाशी बसणे शक्यच नव्हते, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार. पण आकड्यांपेक्षा वेळ बोलकी होती. जवळजवळ सगळ्या जांभया सकाळी साडेपाच ते आठच्या दरम्यानच्या होत्या. दुपारी एखादी, संध्याकाळी क्वचित. शेवटच्या दोन दिवसांच्या नोंदींपुढे त्याने लिहिले होते : "लागोपाठ तीन", "मान वर करून काचेला टेकवून".

जेवणाला चौदा दिवस होऊन गेल्यावर जबडा बसवण्याचे कारण उरत नाही. कात टाकायची वेळही नव्हती, कारण डोळे निळसर झालेले नव्हते आणि मागची कात नोव्हेंबरात निघाली होती. जी हालचाल दिवसागणिक वाढते, ठरावीक वेळी येते, लागोपाठ येते आणि मान उंच धरून येते, तिला जांभई म्हणणे मी त्या रात्री सोडले. त्याला सांगितले की तिला हाताळू नको, तोंडाशी कापूस-बिपूस नेऊ नको आणि दुसऱ्या दिवशी काही केल्या जमणार नाही म्हणून 19 ला सकाळी आठ वाजता मी स्वतः येतो.

19 डिसेंबरची तपासणी

घर जुने, मातीच्या भिंतींचे आणि वर कवेलू असलेले होते. मागच्या खोलीत ही पेटी होती, आणि ती खोली दारापासून आढ्याच्या आडव्या लाकडापर्यंत कापसाने भरलेली होती. पेटीसाठी दाराजवळ जेमतेम चार फूट जागा उरली होती. विदर्भातल्या वाचकाला हे चित्र नवीन नाही. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये होता, खेडा खरेदीवाला दारात येऊन त्याहून कमी सांगत होता आणि म्हणून दोन वेचण्यांचा वीस-बावीस क्विंटल कापूस घरातच थांबला होता. खोलीत शिरताच नाकात धागा गेल्यासारखे झाले आणि हाताला खाज सुटली.

मी आधी सापाला हात लावला नाही. दहा मिनिटे नुसते पाहिले. मादी पेटीच्या कोपऱ्यात, शरीराचा पुढचा चौथा भाग काचेवर तिरपा टेकवून होती. दर श्वासागणिक गळ्याखालचा भाग फुगत होता आणि शांततेत कान दिला तर बारीक 'कट्-कट्' असा ओला आवाज येत होता. त्या दहा मिनिटांत तिने दोनदा तोंड उघडले. जबडे बाजूला सरकले नाहीत. तोंड उघडे राहिले, श्वासद्वार उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि मग तोंड मिटले. निरोगी जांभईत तोंड मिटल्यावर साप शांत होतो, इथे मिटल्यावर लगेच गळा पुन्हा फुगत होता. हा फरक चित्रफितीत दिसला नसता असे नाही, पण तो पाहायला जांभई संपल्यानंतरचे सेकंद हवेत, आणि बहुतेक माणसे तोंड मिटले की चित्रण थांबवतात.

नंतर तोंड उघडून पाहिले. श्वासद्वाराभोवती फेसाळ, किंचित तार धरणारा कफ होता. हिरड्या जरा फिकट होत्या, परंतु पनीरसारखा पिवळा पू, रक्ताचे ठिपके किंवा सैल दात असे तोंड कुजण्याच्या रोगाचे काही लक्षण नव्हते. खवल्यांखाली, डोळ्यांच्या कडांना आणि पाण्याच्या भांड्यात काळे बारीक गोचीडसदृश किडे शोधले. तेही नव्हते. ते असते तर रोग एका सापापासून दुसऱ्याकडे नेण्याचा संशय घ्यावा लागला असता, पण इथे दुसरा साप नव्हताच. वजन 1,270 ग्रॅम भरले. 1 डिसेंबरची नोंद 1,340 ग्रॅमची होती. अठरा दिवसांत सत्तर ग्रॅम, म्हणजे पाच टक्क्यांहून थोडे अधिक. हिवाळ्यातला साधा उपवास एवढ्या लवकर एवढे वजन उतरवत नाही.

निदान श्वसनमार्गाच्या संसर्गाचे होते, यात आता शंका नव्हती. पण थांबण्यासारखी जागा तिथे नव्हती, कारण संसर्ग हे पाळीव अजगरांत बहुधा दुसरे कारण असते. पहिले कारण त्यांच्या पेटीत असते.

पेटीत काय चुकले होते

मुलाने पेटी चांगली ठेवली होती. एका बाजूला हीट मॅट म्हणजे विजेवर तापणारी चटई, तिला तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, दोन्ही टोकांना लपायची जागा, तळाला नारळाचा भुसा, आर्द्रतामापक. थर्मोस्टॅटवर 32 अंश लावलेले. बॉल पायथनला एका टोकाला 31 ते 33 अंश, दुसऱ्या टोकाला 25-26 अंश आणि हवेत निम्म्याहून अधिक आर्द्रता असेल तर ती निवांत राहते. कागदावर सगळे जागेवर होते. मी इन्फ्रारेड तापमापीने उबेची बाजू पाहिली, तेव्हा सकाळी साडेआठला तिथे 24 अंश भरले. मॅट चालू होती आणि गरमही लागत होती. मुलगा म्हणाला, "थंडी हाय म्हणून येळ लागत असन." शक्य होते. पण मला ते पटले नाही.

माझ्या बॅगेत लशीच्या खोक्यासाठी वापरतो ती, चोवीस तासांतले कमाल आणि किमान तापमान लक्षात ठेवणारी तापमापी असते. लस 2 ते 8 अंशांत राहिली की नाही ते पाहण्यापुरताच तिचा उपयोग मी आजवर केला होता. ती मी पेटीत उबेच्या बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावरचा आकडा कळवायला सांगितले. 20 तारखेला आकडा आला : किमान 14.5.

वीज गेली होती का, असे मी विचारले. नव्हती गेली. मग फोन वडिलांकडे गेला. ते शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसायेब, रातच्याले पिन मीच काढून ठेवतो जी. घरात एवढा कापूस हाय. रातभर गरम राहणारी वस्तू त्याच्या उशाशी कोण ठेवन?" नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात खोलीत कापूस भरला, त्या रात्रीपासून ते झोपण्याआधी दहाच्या सुमारास पिन काढत आणि पहाटे साडेपाचला दूध काढायला उठले की लावून देत. लपवण्याचा हेतू अजिबात नव्हता. कुणी विचारले नाही म्हणून सांगितले नाही, इतकेच. मुलगा उठेपर्यंत मॅट पुन्हा तापलेली असे आणि थर्मोस्टॅटचा आकडा चढू लागलेला असे.

वडिलांचे चुकले असे मला त्या दिवशी वाटले नाही आणि आजही वाटत नाही. वर्षाचे पीक खोलीत आहे, त्यावर कर्ज आहे, आणि कापसाच्या ढिगाला एक ठिणगी पुरते, हे ज्याने पाहिले आहे तो दुसरे काही करणार नाही. पेटी आणि कापूस एका खोलीत ठेवणे हीच मुळातली चूक होती आणि ती कुणा एकाची नव्हती. परंतु सापाच्या शरीरात या रोजच्या साडेसात तासांचा हिशेब वेगळा झाला. साप स्वतःची ऊब तयार करत नाही. भोवतालच्या तापमानावर त्याचे पचन चालते, त्यावरच रोगाशी लढणाऱ्या पेशी आणि श्वासनलिकेतला कफ वर ढकलणारे सूक्ष्म केसही चालतात. आफ्रिकेतल्या उबदार बिळांसाठी घडलेल्या प्राण्याला जवळजवळ तीन आठवडे रोज रात्री चौदा-पंधरा अंशांत काढावे लागले. कापसाची धूळ सोबतीला होती. रात्री साचलेला कफ पहाटे, मॅट पुन्हा तापू लागली आणि शरीर हलू लागले की वर येई. साडेपाच ते आठ या वेळेचा उलगडा असा झाला. वडिलांच्या दूध काढण्याच्या वेळेपासूनच वहीत सापाची जांभई नोंदली जात होती.

याच फोनवर मागून आजीचा आवाज आला आणि तो मी इथे नोंदवणे भाग आहे. त्यांना अनेक वर्षांचा दमा आहे. त्या म्हणत होत्या, "म्या तं पयलेच सांगतलं, तिले दम लागला. मी बी रातभर अशीच भितीले टेकून बसतो." मुलगा जांभई म्हणत होता, वडील "आ करते" म्हणत होते आणि आजी धाप म्हणत होत्या. मान उंच धरल्याने श्वास सुकर होतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावरून ओळखले होते. दमा आणि फुप्फुसातला जंतुसंसर्ग या गोष्टी वेगळ्या आहेत, तरी निरीक्षण अचूक होते. रुग्णाचा इतिहास घेताना मी फक्त मालकाला विचारले, घराला विचारले नाही. जनावरांच्या बाबतीत ही चूक मी करत नाही, कारण गाय कोण दोहते आणि चारा कोण टाकते हे विचारल्याशिवाय आमचे पान हलत नाही.

उपचार

20 तारखेलाच मी पुन्हा तिथे गेलो. सर्वांत आधी पेटी हलली. माजघरात आजीच्या खाटेपासून दूर ती ठेवली. स्वयंपाकघर उबदार म्हणून मुलाने सुचवले होते, पण सरपटणारे प्राणी निरोगी दिसत असतानाही विष्ठेतून साल्मोनेला जंतू टाकू शकतात, त्यामुळे अन्नाजवळ पेटी किंवा तिची भांडी नकोत, असे मी निक्षून सांगितले. मॅट इन्व्हर्टरवर घेतली. तापमान रात्रंदिवस एका टोकाला 32 आणि दुसऱ्या टोकाला 27 च्या खाली जाणार नाही असे बांधून दिले. आजारात थंड बाजूही नेहमीपेक्षा थोडी वर ठेवतात. वडिलांना मॅटची तार, थर्मोस्टॅट आणि जोडणी प्रत्यक्ष दाखवली, आणि ते समाधान झाल्यावरच निघालो. हा उपचाराचाच भाग होता.

श्वासनलिकेत निर्जंतुक सलाइनचे काही थेंब सोडून ते परत ओढून घेतले आणि तो नमुना तपासणीला पाठवला. तोंडातला नुसता कफ पाठवणे सोपे असते, पण त्यात जे जंतू सापडतात ते निरोगी सापाच्या तोंडातही राहतात, त्यामुळे त्या अहवालावरून काहीच ठरवता येत नाही. अहवाल यायच्या आधीच त्या दिवशी सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक सुरू केले. अजगरांत हे औषध शरीरातून इतके सावकाश बाहेर पडते की ते दर 72 तासांनीच द्यावे लागते. मागच्या अंगातले रक्त आधी मूत्रपिंडाकडे वळू शकते म्हणून इंजेक्शन शरीराच्या पुढच्या भागात दिले. मात्रा मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ती वजनावर ठरते आणि वजनाचा काटा चुकला तर ती सापाच्या मूत्रपिंडाला महागात पडू शकते. कालवलेले औषध फार दिवस टिकत नाही, म्हणून सात मात्रा वेगवेगळ्या सिरिंजमध्ये भरून घरच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवल्या. 20, 23, 26 आणि 29 डिसेंबर, मग 1, 4 आणि 7 जानेवारी अशा तारखा वहीत लिहिल्या गेल्या. पहिली दोन मी दिली, पुढची सर्पमित्राच्या मदतीने मुलाने दिली.

सलाइनची वाफ द्यायचे ठरले तेव्हा मुलाने आजीचे नेब्युलायझर वापरू का, असे विचारले. नाही म्हणालो. आजी मात्र द्यायला तयार होत्या. शेवटी आर्वीहून दुसरे यंत्र आणले आणि झाकणाला भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात मादीला रोज वीस मिनिटे ठेवून वाफ दिली.

अहवाल 27 तारखेला आला : स्यूडोमोनास नावाचा जंतू, सेफ्टाझिडिमला दाद देणारा. विषाणूंची तपासणी केली नाही. बॉल पायथनमध्ये सर्पांटोव्हायरस नावाचा, 2014 मध्ये प्रथम वर्णन झालेला विषाणू असाच श्वसनरोग देतो आणि अशा सापांत तोंडात भरपूर कफ, उघड्या तोंडाने श्वास हीच लक्षणे दिसतात. उबेने आणि प्रतिजैविकाने उतार पडला नसता, किंवा घरात दुसरा साप असता, तर ती तपासणी टाळता आली नसती.

पुढचे आकडे

पहिल्या चार दिवसांत जांभया कमी झाल्या नाहीत, वाढल्या. 20 ते 23 डिसेंबरचे आकडे 8, 10, 11, 9 असे होते आणि मुलगा घाबरला. मी थांबायला सांगितले, कारण वेळ बदलली होती. आता त्या फक्त पहाटे नव्हत्या, वाफ दिल्यानंतर अर्ध्या तासात येत होत्या, आणि त्यांच्यासोबत तोंडातून कफ बाहेर पडत होता. घट्ट कफ पातळ होऊन वर येऊ लागला की असे होणे स्वाभाविक आहे. एकाच हालचालीचा आकडा वाढताना एका आठवड्यात मी काळजी केली आणि पुढच्या आठवड्यात केली नाही, याचे कारण हेच : आधी जांभईनंतर गळा फुगत होता, आता जांभईनंतर मादी मान खाली ठेवून पडून राहत होती. 28 डिसेंबरला आकडा 5 वर आला, 2 जानेवारीला 2, आणि 8 जानेवारीनंतर सलग चार दिवस वहीत शून्य. ओला आवाज त्याच्या आधीच, 31 डिसेंबरच्या सुमारास थांबला होता.

11 जानेवारीला मी पुन्हा तोंड तपासले. श्वासद्वार कोरडे आणि स्वच्छ होते. वजन 1,255 ग्रॅमवर स्थिर झाले होते. आणखी एक आठवडा काही खायला द्यायचे नाही, असे ठरवले, कारण आजारातून उठलेल्या सापाने भक्ष्य उलटून टाकले तर ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. 19 जानेवारीच्या संध्याकाळी नेहमीच्या निम्म्या वजनाचा उंदीर ठेवला. मादीने तो चार मिनिटांत पकडला आणि सावकाश गिळला.

रात्री पावणेआठला चित्रफीत आली, या वेळी जवळजवळ दोन मिनिटांची. माझ्या सांगण्यावरून मुलाने तोंड मिटल्यानंतरही चित्रण चालू ठेवले होते. मादीने तोंड उघडले, डावा जबडा सरकवला, उजवा सरकवला, मिटले. अर्ध्या मिनिटाने पुन्हा एकदा. मग मान वेटोळ्यावर ठेवली आणि उरलेला सगळा वेळ गळ्याची हालचाल दिसेल न दिसेल इतकी मंद होती. वहीत त्या तारखेपुढे 2 असा आकडा आहे आणि समोरच्या पानावर शेवटच्या वेचणीचा, फरदडीचा हिशेब आहे. कापूस फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात विकला गेला आणि मागची खोली रिकामी झाली. पेटी माजघरातच राहिली आहे.